फुटाला इंच

पहिली खोली पूर्ण झाली तेव्हा ती मी आईपुढे नेऊन ठेवली. लालबागच्या चाळीतली आमची दहा बाय बाराची खोली, फुटाला इंच या मापाने केलेली. म्हणजे दहा इंच रुंद, बारा इंच लांब. खिडकीखाली कॉट, कोपऱ्यात मोरी, ओट्यावर स्टोव्ह, फळीवर मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावलेले पितळी डबे, भिंतीवर देवाच्या तसबिरी. आईने चष्मा लावला आणि वाकून बराच वेळ बघत राहिली. एका डब्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "छान झालंय गं. आता यात रात्र कर बघू. बाबा कुठे निजायचे, आजी कुठे, तुम्ही पोरं कुठे, ते दाखव."

मला ते दाखवता येईना. कॉट मी फेविकॉलने जमिनीला पक्की बसवली होती. शिलाई मशीनही तशीच. ट्रंका एकावर एक ठेवून चिकटवलेल्या. आमच्या घरात नऊ माणसं होती आणि मी केलेल्या खोलीत तिघांनाही पाय पसरता आले नसते.

दुसऱ्या दिवशी कटरने कॉट सोडवायला घेतली, तेव्हा तिच्या पायांबरोबर फरशीचा पापुद्राही निघून आला. ती फरशी मी पुन्हा केली नाही. तो ओरखडा अजून तसाच आहे. त्यानंतर जेवढ्या खोल्या केल्या, त्या प्रत्येकीच्या आधी कागदावर दोन रकाने पाडून यादी केली: काय चिकटवायचं आणि काय सुटं ठेवायचं. पुढच्या प्रकरणांत नकाशे आहेत, कापायची मापं आहेत, खेळाचे नियम आहेत. पण हे सगळं त्या दोन रकान्यांतून वाढत गेलेलं आहे.

पटावर खेळायच्या खेळासाठी छोटी जागा उभी करणं हा प्रकार जगाला नवा नाही. प्रशियाच्या सैन्यात 1824 सालापासून टेबलावर लढाया मांडून अधिकाऱ्यांना शिकवत असत. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने 1911 साली 'फ्लोअर गेम्स' आणि 1913 साली 'लिटल वॉर्स' ही पुस्तकं लिहून ते खेळ घरातल्या जमिनीवर आणले. 1974 साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्यात खेळणारे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि मिळून एक गोष्ट खेळतात. त्यासाठी भुयारं, सराया, पडके वाडे पुठ्ठ्याचे आणि लाकडाचे करून टेबलावर मांडतात. आता मुंबईतही कॉलेजातली मुलं रात्र रात्र बसून हे खेळ खेळतात. त्यांच्या टेबलावर चौकटींची जाळी असते. रुळलेला नियम असा, की इंचाचं एक घर म्हणजे पाच फूट, आणि एका घरात एकच माणूस.

हा नियम मी आमच्या खोलीला लावून बघितला. दहा फुटांत दोन घरं. बारा फुटांत दोन घरं आणि वर दोन फुटांची पट्टी. म्हणजे चार माणसं उभी राहिली की खोली भरली. आम्ही नऊ जण होतो, आणि मे महिन्यात गावाहून कोणी आलं की तेरा-चौदा. मग बीडीडी चाळींना तोच नियम लावला. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 207 चाळी बांधल्या: वरळीत 121, नायगावात 42, ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीत 12. तिथली खोली 160 चौरस फुटांची. 25 चौरस फुटांचं एक घर धरलं तर साडेसहा घरंसुद्धा भरत नाहीत. अशा वीस खोल्या एका मजल्यावर, आणि तळमजला धरून चार मजले. एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं.

तो नियम चुकीचा नाही. एका माणसाला तलवार फिरवायला जेवढी जागा लागते ती धरून तो केलेला आहे. गिरणगावातल्या खोलीला वेगळा नियम लागतो, कारण ती खोली फुटांत मोजून कळत नाही. ती तासांत मोजावी लागते.

गिरणीची पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सकाळी सात. बाबांना रातपाळी असली की सात वाजता भोंगा झाल्यावर ते घरी यायचे, आंघोळ करून आठाच्या सुमाराला कॉटवर आडवे व्हायचे, आणि मग दुपारपर्यंत खोली त्यांची. आम्ही मुलं गॅलरीत. आजी दाराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसायची, म्हणजे आत कोणी धावत येऊ नये. आई स्टोव्हला पंप मारायची तोही दबकत. त्याच कॉटवर संध्याकाळी काका बसून पेपर वाचायचे आणि रात्री आजी झोपायची. कॉटच्या खाली मी आणि माझी धाकटी बहीण. एकाच सहा फुटांवर दिवसातून पाच जणांचा हक्क होता आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली होती.

गावकीच्या खोल्यांत हे आणखी ठळक दिसायचं. एका गावाहून आलेल्या पुरुषांनी मिळून घेतलेली खोली. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि कपड्यांना एक खुंटी. एक पाळी उठायची तेव्हा दुसरी निजायची. जेवायला खाणावळ. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांच्या खोल्या हा तर वेगळाच नमुना: सकाळभर ती खोली म्हणजे भटारखाना, दुपारी पंगत, रात्री पुन्हा घर. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन. खाणावळीच्या खोलीचा नकाशा मी पाचव्या प्रकरणात दिला आहे. ज्यांना अवघड काम करायची हौस आहे त्यांनी तो घ्यावा, कारण तिथे दिवसातून तीन वेळा सगळी मांडामांड बदलते.

छोटं जग हाताने उभं करायची ही विद्या आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यात ती घरोघरी होती. दिवाळीत चाळीच्या अंगणात किल्ला व्हायचा. दगडविटा रचून वर गोणपाट आणि मातीचा चिखल, उतारावर पेरलेले अळीव, गेरूने रंगवलेला बुरूज, आणि दादरच्या बाजारातून आणलेले मातीचे मावळे. त्या किल्ल्यात मावळा महादरवाजापेक्षा उंच असायचा आणि शिवाजी महाराज बालेकिल्ल्याएवढे. ज्याचा मान मोठा त्याचा आकार मोठा, असं ते माप होतं. मुलांच्या खेळात ते शोभतं. मात्र ज्या खेळात जागेच्या इंचाइंचावर डाव ठरतो तिथे सगळ्या वस्तू एकाच मापाच्या हव्यात, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

गणपतीत हीच पोरं मोठी होऊन मखर करायची. 1893 साली गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, 1920 साली चिंचपोकळीत, 1928 साली लालबागच्या गणेश गल्लीत. पुढे गणेश गल्लीने देशातल्या नामांकित मंदिरांच्या प्रतिकृती उभ्या करायला सुरुवात केली, आणि लालबाग-परळच्या गल्ल्यांत चलचित्रांचे देखावे आले: एका मोटारीवर फिरणारा लाकडी दांडा, त्याला जोडलेल्या तारा, आणि मान हलवणारी, हात वर करणारी माणसं. मोटार दुरुस्त करणारा गिरणीतला फिटर असायचा, पडदे रंगवणारा साईनबोर्ड पेंटर, आणि पुठ्ठा कापायला आम्ही. घरातल्या मखरासाठी थर्माकोल आलं आणि बरीच वर्षं टिकलं. 2018 साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली, तेव्हा घरातली जुनी माणसं पुन्हा पुठ्ठ्याकडे वळली. मला त्याचा आनंद आहे. थर्माकोल कापताना दाणे उडतात, आणि त्याला सॉल्व्हंटचा गोंद लागला की ते विरघळून खड्डा पडतो. या पुस्तिकेतलं एकही काम थर्माकोलचं नाही.

आणि राणीच्या बागेच्या दाराशी असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1872 साली उघडलेली ती इमारत. लहानपणी आम्ही हत्ती बघायला जायचो आणि वाटेत तिथे शिरायचो. काचेच्या कपाटांत मुंबईतल्या जातीजमातींची मातीची माणसं, लहान लहान जहाजं, गावातल्या कामांचे देखावे. प्रत्येकाच्या पगडीची घडी वेगळी. तिथे नाक काचेला लावून उभं राहिलेलं मूल पुढे कधीतरी पुठ्ठा हातात घेतंच, असं मला वाटतं.

आता माप. फुटाला इंच, म्हणजे एकास बारा, हे बाहुलीघरांचं जगभर चालणारं माप आहे. लंडनमध्ये एडविन लट्यन्स या वास्तुकाराने 1921 ते 1924 या काळात राणी मेरीसाठी जे बाहुलीघर केलं तेही याच मापाचं. त्यातले दिवे लागतात, लिफ्ट चालते, नळाला पाणी येतं. तोच लट्यन्स त्या वर्षांत नवी दिल्लीही बांधत होता. आणि त्याच दशकात वरळी-नायगावला बीडीडी चाळींचे मजले चढत होते, जिथे मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून संडास होते. या दोन बांधकामांचे फोटो शेजारी ठेवून मी पुष्कळदा बघत बसते. बाहुल्यांना जे मिळालं ते माणसांना मिळायला पुढची शंभर वर्षं गेली, हे मला विसरता येत नाही.

हे माप निवडायचं आमचं कारण साधं आहे. मुंबईत जागा अजून फुटांतच बोलतात. आजोबांनी "दहा बाय बारा" म्हटलं की मुलाने पट्टी घेऊन दहा इंच बाय बारा इंच आखायचं, मधे गुणाकार भागाकार काही नाही. गॅलरी चार फुटांची असेल तर चार इंच. खोली आणि गॅलरी मिळून सोळा इंच लांबी झाली. घरातल्या कॅरमची खेळायची जागा 29 इंच चौरस असते, तेव्हा हा सगळा संसार कॅरमबोर्डावर आरामात मावतो आणि चारी बाजूंनी चार खेळणारे बसू शकतात. चाळीतल्या प्रत्येक घरात कॅरम होताच. तो दिवसा भिंतीला टेकून उभा असायचा आणि रविवारी गॅलरीत पिंपावर आडवा व्हायचा. आमच्या खेळाला तोच पट मिळाला.

भातुकलीची भांडी वापरावीत का, असं मला हमखास विचारतात. सावंतवाडीची लाकडी भातुकली आमच्याकडे कोकणातून यायची आणि ती मला जिवापाड आवडते. पण ती मुलाच्या मुठीसाठी केलेली असते. तिचं जातं या खोलीत ठेवलं तर ते चार फुटांचं होतं. तेव्हा भांडी आपणच करायची. हंड्या-कळशांना मोठे लाकडी मणी, डब्यांना औषधाच्या बाटल्यांची झाकणं आणि वर पितळी रंग, पोळपाटाला शर्टाचं बटण. पिंपाला फिल्मच्या रिळाची डबी उत्तम; जुन्या घरांत अजून सापडते.

दोन गोष्टी मी इथेच सविस्तर सांगणार आहे, कारण त्या बिघडल्या की खोली खोटी दिसते. पहिली मोरी.

मोरी म्हणजे कोपऱ्यातली तीन फूट बाय तीन फूट जागा, कडेने चार इंचांचा बांध, भिंतीतून बाहेर जाणारं भोक. आपल्या मापात तीन इंच बाय तीन इंच आणि बांध इंचाचा एक तृतीयांश. मोरीची जमीन खोलीच्या जमिनीपेक्षा खाली असते आणि भोकाकडे उतरती असते. हा उतार बहुतेक जण विसरतात. पुठ्ठ्याचे तीन पातळ थर एकमेकांपेक्षा थोडे थोडे आखूड कापून लावले की उतार येतो. त्यावर राखाडी रंग, रंग वाळल्यावर भोकाच्या तोंडाशी हिरवट-काळा, आणि बांधाच्या आतल्या कडेला साबणाचा पांढुरका थर. शेवटी जमिनीला नखांचं बिनरंगी पॉलिश. मोरी कधी कोरडी नसते. ते पॉलिश लावलं की जमीन ओली दिसते आणि बघणाऱ्याचा हात आपोआप मागे येतो.

मोरीला पडदा हवाच. दोन खिळ्यांमध्ये तार आणि तिच्यावर जुन्या साडीचा तुकडा. घरातल्या प्रत्येक मुलीने आणि बाईने त्या तीन बाय तीनमध्ये, पडद्याआड, ओल्या जमिनीवर एका पायावर उभं राहून कपडे बदललेले आहेत. आम्ही आत असलो की पुरुष गॅलरीत जाऊन उभे राहायचे. त्यांना कोणी सांगावं लागत नसे. हा पडदा चिकटवू नका. तो सरकला पाहिजे, कारण खेळात तो सरकतो तेव्हा निम्म्या खोलीला बाहेर जावं लागतं.

दुसरी गोष्ट भिंत. नव्या पांढऱ्या रंगाची भिंत म्हणजे नवी खोली, आणि चाळीतली खोली कधी नवी नसते. आधी फिका गुलाबी द्यावा. तो वाळला की नीळ घातलेल्या चुन्याचा निळसर. त्याच्यावर क्रीम. कमरेइतक्या उंचीपर्यंत, म्हणजे तीन इंचांपर्यंत, गडद ऑइलपेंटचा पट्टा, कारण त्याला पाणी लागलं तरी पुसता येतं. मग बारीक पॉलिश पेपर घेऊन बटणाच्या पाटीभोवती, दाराच्या कडेला आणि खुंटीखाली हलक्या हाताने घासावं. खालचे निळे-गुलाबी रंग डोकावतात. सर्वांत शेवटी, जमिनीपासून पावणेतीन इंचांवर, बोटाच्या टोकाने पिवळट तपकिरी डाग उमटवावेत, ओळीने चार-पाच. भिंतीला पाठ लावून बसणाऱ्यांच्या डोक्याच्या तेलाचे ते डाग. ज्या घरात जेवढी माणसं बसत होती तेवढे. पट्टी घेऊन मापलं तेव्हा कळलं, की आजीचा डाग इतरांपेक्षा अर्ध्या इंचाने खाली यायला हवा.

बाकी बांधकामाचं सगळं पुढे आहेच. तळाला एमडीएफची फळी, भिंतींना खोक्याचा पुठ्ठा दुहेरी करून आणि वर वर्तमानपत्राचे तुकडे फेविकॉलच्या पाण्यात भिजवून चढवलेले. ट्यूबलाइट चार इंचांची, लोहार चाळीतून आणलेल्या एलईडी पट्टीची. दाराला कापडी बिजागरी, कारण चाळीतलं दार दिवसभर उघडं असतं आणि ते बंद होण्याला अर्थ असतो.

आता खेळ. त्यात माणसांच्या सोंगट्या नाहीत. सोंगट्यांच्या जागी वळकट्या आहेत. प्रत्येक खेळणाऱ्याकडे घरातली दोन माणसं, आणि प्रत्येक माणसाची एक वळकटी: जुन्या सुती साडीची दोन पदरी, गोधडीसारखे टाके घातलेली, उलगडली की साडेपाच इंच लांब आणि पावणेदोन इंच रुंद. दिवसाचे चोवीस तास एका पट्टीवर मांडलेले. प्रत्येक माणसाची गरज पानावर लिहिलेली: कोणाला सलग सहा तास झोप, कोणाला दहावीचा अभ्यास, कोणाला पाणी जायच्या आत आंघोळ. तास पुढे सरकायच्या आधी सगळ्यांनी मिळून खोली मांडायची. घर म्हणून सगळे तरतात, नाहीतर सगळे हरतात.

पहिल्या डावाला बसण्याआधी कागदावर हिशेब करून बघा. खोली 120 चौरस इंच. मोरी 9, ओटा 8, कपाट साडेचार. राहिले साडेअठ्ठ्याण्णव. एक अंथरूण साधारण साडेनऊ चौरस इंचांचं, नऊ अंथरुणं म्हणजे सत्त्याऐंशीच्या आसपास. आकड्यांत सगळे बसतात. मांडायला गेलं की बसत नाहीत, कारण रात्री उठून मोरीपर्यंत किंवा दारापर्यंत जायला वाट ठेवावी लागते. तिथे खेळणारे कॉटच्या खालची जागा शोधतात. मग गॅलरी शोधतात. मग कोणाला तरी शेजारच्या खोलीची आठवण होते, आणि शेजाऱ्याचं पान हातात ठेवायचं की आत्ताच उतरायचं यावर खरा वाद सुरू होतो. गणपतीचं पान आलं की तीन बाय दोन इंचांचं मखर मांडायचं आणि कॉट गॅलरीत जाते. पाच दिवस. ती कशी काढायची, कुठून वळवायची, दारातून निघते का, हे हाताने करून बघावं लागतं. म्हणून कॉट सुटी.

एका पानाबद्दल मला खूप विचार करावा लागला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यातले असंख्य पुन्हा कामावर गेलेच नाहीत. आमचे बाबाही नाहीत. हे खेळात आणायचं का, आणायचं तर कसं, हे बरेच दिवस कळत नव्हतं. शेवटी संपाचं पान असं केलं: ते आलं की पाळीची सगळी पानं पटावरून उचलायची. बाकी काही बदलायचं नाही. भिंती त्याच, वस्तू त्याच, माणसं तीच. पुढच्या दोन तासांत खोली खेळता येईनाशी होते, कारण आता दुपारी दोन वाजताही सगळे आत आहेत. पाळीमुळे खोली तिप्पट होती. भिंत कुठेही न हलता ती एका दिवसात आकसली. मी त्या खोलीत होते आणि तेव्हा मला एवढंच कळत होतं, की घरात भांडणं वाढलीत. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात गिरणगावातलं असंच एक घर आणि अशीच एक खोली आहे. पुस्तिका वाचणाऱ्यांनी ते नाटक वाचावं अशी माझी विनंती आहे.

अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाच्या बाईंनी 1940 च्या दशकात याच मापाच्या, ज्यात मृत्यू घडला आहे अशा छोट्या खोल्या केल्या. पोलिसांना त्या दाखवून त्यांचं शिक्षण व्हायचं: खोली नीट बघायला शिका, कोणती वस्तू कुठे आहे आणि का आहे ते विचारा. मला त्यांच्या कामाबद्दल फार आदर आहे. आपल्या खोल्यांतही पुष्कळ काही घडलेलं आहे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की खोली गोड करू नका. चाळीची आठवण काढताना गॅलरीतल्या गप्पा, दिवाळीचा फराळ, एकमेकांकडे जाणाऱ्या वाट्या हे सगळं येतं आणि ते खरंच होतं. त्याच खोलीत बाळंतीण दहा दिवस पडद्याआड होती, त्याच खोलीत खोकणारा म्हातारा होता, आणि संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभी असलेली मुलगीही होती. हे सगळं पुठ्ठ्यात येऊ शकतं. डबा करा. पडदा करा. पाणी किती वाजता जातं ते भिंतीवर लिहा.

घाई करण्याचं कारण आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या 556 रहिवाशांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पटाच्या हिशेबात सहा-साडेसहा घरांची वीस घरं झाली, आणि स्वतःच्या घरात संडास. हे व्हायलाच हवं होतं. मेट्रो तीनच्या स्थानकांसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती गेल्या. लालबाग-परळमध्ये तर मी ज्या चाळींच्या जिन्यांवर खेळले त्यांपैकी उभी एकही नाही. खोल्या जातील ते योग्यच आहे. पण त्या खोल्या कशा वापरल्या जात होत्या, हे ज्यांच्या हातापायांना माहीत आहे ती माणसं आता सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत.

तेव्हा कटर हातात घेण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला जमिनीवर खडूने खोली काढून द्या. खरी, फुटाला फूट. नव्या घराच्या हॉलमध्ये किंवा गच्चीवर दहा बाय बाराचा चौकोन काढा आणि त्यांना आत उभं करा. माझी आई अशी उभी राहिली तेव्हा ती आधी काही बोललीच नाही. मग दोन पावलं चालली, डावीकडे वळली, वाकली आणि हात खाली नेऊन नळ सोडल्यासारखा फिरवला. मी तिथे खडूने फुली मारली. माझ्या नकाशात मोरी त्या फुलीपासून दीड फूट लांब होती.